तीन किलो कापसाची जीन्स

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना अडाण नदीच्या काठी बोरी अरब लागते. दसरा उलटला की या पट्ट्यात कापसाची पऱ्हाटी पांढरी होते आणि कमरेला ओटी बांधलेल्या बायका तासातासाने पुढे सरकताना दिसतात. वेचणी हे इथे बायकांचेच काम. उमललेल्या बोंडाची वाळकी टोके बोटांना टोचतात. कापूस ओढताना सोबत नख्या आणि पालापाचोळा आला, तर व्यापारी भाव पाडतो, त्यामुळे हात जपून चालवावा लागतो. मजुरी मात्र किलोवर ठरलेली असते, म्हणजे हात भराभरही चालला पाहिजे. स्वच्छ आणि भरपूर, दोन्ही एकाच वेळी. दुपारपर्यंत पाठ भरून येते. संध्याकाळी शेताच्या बांधावर काटा लागतो आणि प्रत्येकीचे गाठोडे मोजले जाते.

एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की त्यातून साधारण ३४ किलो रुई निघते. उरते ती बहुतेक सरकी. एका जीन्सला सगळी घट धरून किलोभर रुई लागते असे मानले, तर तिच्यासाठी शेतात तीन किलो कापूस वेचावा लागतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे तीन किलोंचे सुमारे २४३ रुपये, तेही हमीभाव मिळाला तर. या २४३ रुपयांत ९०१ रुपयांच्या बीटी बियाण्याच्या पाकिटाचा वाटा आहे, खताचा आहे, डवरणी, निंदण, फवारणी आणि वेचणीचा आहे, पीककर्जाचे व्याज आहे, आणि यातून काही उरलेच तर घरच्या वर्षभराच्या राबण्याचे मोल आहे. हीच जीन्स शहरातल्या दुकानात दीड-दोन हजारांना विकली जाते. ती दूर कुठे विणली जाते असेही नाही. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडच्या कारखान्यात डेनिम विणले जाते. कापूस आणि कापड एकाच जिल्ह्यात असूनही कापूसवाल्याच्या आणि कापडवाल्याच्या अर्थकारणात एवढे अंतर आहे. ते अंतर कुणी आणि कसे पाडले, हा शाश्वत फॅशनच्या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न आहे.

ही चर्चा बहुतेक वेळा पाण्यापासून सुरू होते. एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागते, हा आकडा जगभर फिरतो. कालव्याच्या पाण्यावर कापूस पिकवून अरल समुद्र आटवला गेला, त्या मध्य आशियात त्याला अर्थ आहे. यवतमाळचा कापूस मात्र बहुतांश कोरडवाहू. मृगाच्या पावसावर पेरायचा आणि पुढे जे बरसेल त्यावर पिकवायचा. तो जगाचे पाणी पळवत नाही. पावसाने पंधरा दिवस दडी मारली, तर दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येतो, वेचणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला तर भिजलेल्या कापसाचा तोटाही त्याचाच. इथल्या कापसाचे ओझे मोजायचे तर लिटरचे माप पुरत नाही. धोका कुणाच्या खांद्यावर टाकला आहे, हे पाहावे लागते. आणि ते पाहायचे तर दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी थकलेल्या कर्जाच्या बदल्यात हा सुपीक काळ्या मातीचा मुलूख गेला. आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतली बंदरे कोंडली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडावर स्थिरावली. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावच्या लोहमार्गाच्या उद्घाटनाला आले. एवढ्याशा गावासाठी व्हाइसरॉय यावा, याचे कारण तिथली कापसाची पेठ.

त्या काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी एक खास अधिकारी नेमला होता, कापूस आयुक्त. हॅरी रिव्हेट-कार्नॅक या आयुक्ताने आपल्या सरकारी लेखनात जो हिशेब मांडला, तो वाचताना आजही अंगावर काटा येतो. रेल्वेचा फाटा आत नेला की विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्तात विकता येईल, अशी त्याला आशा होती. मग जो कापूस इथेच कातला जातो तोही निर्यातीला मोकळा होईल, आणि सूत कातणारे व विणणारे हजारो हात शेतमजुरीला उपलब्ध होतील. हातमाग यंत्रापुढे टिकला नाही, तो आपोआप संपला, अशी समजूत अनेकांच्या मनात असते. वऱ्हाडात तरी तो संपावा अशी इच्छा आणि तशी योजना कागदावर लिहिलेली आहे. विणकराला मजूर करणे हा रेल्वेचा एक अपेक्षित फायदा होता.

पुढे १९०३ साली मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग कारंजा, दारव्हा करत आला. या जिल्ह्याचे नाव तेव्हा वणी होते, यवतमाळ हे नाव १९०५ मधले. ‘शकुंतला’ म्हणून पुढे लाडकी झालेली ही गाडी गरिबांची गाडी म्हणून आठवली जाते आणि ती आठवण खोटी नाही. पण रूळ टाकले ते कापसाच्या गठाणी मुख्य मार्गावर पोचवून मुंबई बंदराकडे नेण्यासाठी. बांधणी आणि मालकी किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी घराण्याशी जोडलेल्या कंपनीची. १९२१ साली मँचेस्टरात बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावले. देश स्वतंत्र झाला, भारतीय रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या रुळांची खासगी मालकी आणि त्यापोटी द्यायची रक्कम सुरूच राहिली.

लक्ष्मण सत्य या इतिहासकाराने १८५० ते १९०० या काळातल्या वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांचा संबंध तपशिलात उलगडला आहे. कापूस वाढला तशी ज्वारीची आणि चराईची जमीन आक्रसली, धान्य विकत घेण्याची पाळी आली आणि भाव चढताच खालच्या थराला खायला उरले नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात, कापसाने श्रीमंत म्हणवल्या जाणाऱ्या याच मुलखात माणसे भुकेने मेली. पांढरे सोने हा शब्द तेव्हापासून कुणाच्या तिजोरीला लागू पडतो, हे त्यावरून कळते.

रंगाचेही तेच झाले. विदर्भात आल नावाच्या झाडाची शेती होई. तीन-चार वर्षे वाढू दिल्यावर मुळे खणायची आणि त्यांतून पक्का लाल रंग काढायचा. जाड खारव्याला हा रंग चढे. १८६८-६९ मध्ये जर्मनीत अलिझरिन प्रयोगशाळेत बनले, स्वस्त लाल रंग जगभर पसरला आणि आलचे मळे हळूहळू दिसेनासे झाले. आज परदेशी दुकानांत ‘नैसर्गिक रंग’ अशी चिठ्ठी लावून महागात विकले जाते, ते ज्ञान इथल्या शेतकऱ्यांचे आणि रंगाऱ्यांचे होते.

वऱ्हाडातल्या विणकरांत कोष्टी होते, मोमीन होते, आणि जाडेभरडे कापड विणणारे महारही मोठ्या संख्येने होते. गावकीच्या अपमानास्पद कामांपलीकडे महार कुटुंबांना थोडे स्वतःचे उत्पन्न देणारा तो माग होता. तो बंद पडला तेव्हा उपजीविकेबरोबर स्वाभिमानाची एक जागाही गेली. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि गावाकडचे अनेक जण गिरण्यांकडे वळले. मुंबईत तर आणखी एक अन्याय वाट पाहत होता. तिथल्या गिरण्यांत विणखाते हे जास्त पगाराचे खाते होते आणि त्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे, आणि ‘त्यांचा’ ओठ लागलेला धोटा इतरांना चालत नसे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग होता, त्यांना यंत्रमागाला हात लावू दिला गेला नाही. १९२८ च्या गिरणी संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठासून मांडला.

त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी कपड्यांविषयी जे सांगितले ते शाश्वत फॅशनच्या प्रत्येक पुस्तकात असायला हवे. स्त्रियांना त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले. तुमच्या नेसण्यावरून, दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ती खूण टाका, असा त्यांचा आग्रह होता. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. त्या ग्रंथाने चांडाळांसाठी प्रेताच्या अंगावरची वस्त्रे नेमून दिली होती. उतरलेले, फाटके, दुसऱ्याचे कापड अंगावर वागवणे ही ज्यांच्यावर शतकानुशतके सक्ती होती, त्यांच्या नातवंडांनी कोरा, कडक इस्त्रीचा शर्ट घातला तर तो चंगळवाद ठरत नाही. ‘कमी घ्या, जुने वापरा’ हा सल्ला उत्तम आहे. तो कपाटे ओसंडून वाहणाऱ्यांना द्यायचा आहे. चौदा एप्रिलला नवे पांढरे कपडे शिवून घेणाऱ्या बोरी अरबच्या कुटुंबाला नव्हे.

आता पुन्हा शेताकडे. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या कापसाखालच्या जमिनीपैकी सुमारे ९७ टक्के क्षेत्रावर देशी वाण होते. विदर्भाची बनी तिच्या तलम धाग्यासाठी नावाजलेली होती, पण तिच्यातून रुईचा उतारा कमी पडे, आणि व्यापाराने वजनाला भाव दिल्यामुळे ती विसाव्या शतकाच्या आरंभीच मागे पडत गेली. देशी पऱ्हाटीची मुळे खोल जातात, ती पावसाचा ताण सोसते, मावा-तुडतुड्यांना सहसा पुरून उरते. तिचा आखूड धागा मात्र लांब अमेरिकी धाग्यासाठी बांधलेल्या यंत्रांना मानवत नाही. यंत्राला काय रुचते यावर शेतात काय पेरायचे हे ठरत गेले. १९७० मध्ये गुजरातेत सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. उत्पादन वाढले. त्याबरोबर घरचे बियाणे राखण्याची रीत मोडली, कारण संकरित सरकी पुढच्या वर्षी तसेच पीक देत नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, तीही संकरित वाणांतूनच. पहिली काही वर्षे बोंडअळीचा त्रास खरोखर कमी झाला आणि शेतकऱ्यांनी ते तंत्र उत्साहाने स्वीकारले. ते मूर्खपणाने स्वीकारले असे म्हणणारे लोक शेतकऱ्याचा अपमान करतात. पण गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली, रसशोषक किडी वाढल्या आणि कृषी सेवा केंद्राच्या फळीवरच्या बाटल्या पुन्हा वाढत गेल्या.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते या साखळीचे टोक होते. त्या वर्षी पऱ्हाटी माणसापेक्षा उंच आणि दाट वाढली होती. फवारणाऱ्याला नळी डोक्याच्या वर धरून चालावे लागत होते, म्हणजे औषध वाऱ्याबरोबर परतून तोंडावर, छातीवर, ओल्या सदऱ्यावर पडत होते. बॅटरीवरचे पंप दाट तुषार सोडत होते. दोन-तीन औषधे एकत्र कालवण्याची सवय पडली होती. मास्क नाही, हातमोजे नाहीत, आणि दमट उकाड्यात ते वापरवणारही नाहीत. फवारणी करणाऱ्यांत भूमिहीन मजूर बरेच होते, रोजंदारीवर एका शेतातून दुसऱ्या शेतात जाणारे. मळमळ, उलट्या, डोळ्यांपुढे अंधार अशी लक्षणे घेऊन शेकडो जण यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. जिल्ह्यात वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला.

यातील काही कुटुंबांनी २०२० मध्ये थेट स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात दाद मागितली, कारण वापरल्या गेलेल्या ‘पोलो’ या कीटकनाशकाची कंपनी सिंजेंटा तिथली. या औषधातल्या डायफेन्थियुरॉनची विक्री स्वित्झर्लंडमध्ये आणि युरोपीय संघात बंद झालेली होती, भारतात चालू होती. कंपनीने आरोप नाकारले. न्यायालयीन वाद पुढे कसाही जावो, दारव्हा-पुसद पट्ट्यातला मजूर युरोपच्या न्यायव्यवस्थेला विचारत होता की तुमच्या माणसांसाठी घातक ते आमच्यासाठी चालण्याजोगे कसे. वसाहतीचा कारभार संपला तरी अशी दुहेरी मापे चालू राहतात, हे त्याने स्वतःच्या शरीरावरून दाखवून दिले.

मग सेंद्रिय कापूस हे उत्तर आहे का? यवतमाळला या वाटेचा अनुभव जुना आहे. १९९० च्या दशकातच इथे विदर्भ सेंद्रिय शेतकरी संघटना उभी राहिली आणि तिने थेट युरोपच्या बाजाराशी संबंध जोडण्याचा प्रयत्न केला. यवतमाळचेच सुभाष शर्मा रासायनिक शेती सोडून माती, झाडे आणि पाणी यांचे गणित बसवत राहिले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००४ पासून ‘चेतना ऑरगॅनिक’ विदर्भ, तेलंगण आणि ओडिशातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांसोबत काम करते आहे. हे सगळे खरे काम आहे. पण सेंद्रिय कापसाच्या उत्पादनात भारत जगात पुढे असतानाच २०२० मध्ये २०,००० टन कापसाची बनावट प्रमाणपत्रे उघडकीला आली. यात खऱ्या सेंद्रिय शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान झाले. त्याचा भाव पडला आणि त्याच्यावरचा विश्वासही गेला. कागद तपासणारी, कागद विकणारी आणि कागद बघून जादा पैसे देणारी मंडळी शेतापासून दूर असली की असेच होते.

प्रमाणपत्राऐवजी मजुरीपासून सुरुवात करण्याचा एक प्रयोग बोरी अरबपासून फार लांब नसलेल्या वर्ध्यात नव्वद वर्षांपूर्वी झाला आहे. १९३५ साली अखिल भारतीय चरखा संघापुढे प्रश्न आला की खादी स्वस्त ठेवायची की सूत कातणाऱ्या बाईला पोटापुरते द्यायचे. तोवर तिला दिवसाकाठी अगदी क्षुल्लक मोबदला मिळे. गांधीजींचा आग्रह होता, आठ तासांच्या कामाला आठ आणे. खादी महागेल, विक्री बसेल, असे सांगणारे कार्यकर्ते संघातच होते. आठ आणे काही साधले नाहीत, तरी किमान मजुरीचे तत्त्व मान्य झाले आणि दर वाढवले गेले. त्याच सुमाराला विनोबा नालवाडीत स्वतः सूत कातून, कातणारीला मिळते त्या मजुरीत जगून पाहत होते. आज मोठे ब्रँड ‘जगण्यापुरते वेतन’ हा शब्द आपल्या वार्षिक अहवालांत लिहितात. वर्ध्याने तो प्रश्न त्यांच्या कितीतरी आधी हातात घेतला होता. गोपुरीचे ग्रामसेवा मंडळ आणि मगन संग्रहालय यांनी सेंद्रिय कापसाच्या खादीचे आणि नैसर्गिक रंगांचे काम आजही चालू ठेवले आहे.

तो हिशेब आज करून पाहावा. वेचणीचा दर किलोला दहा रुपये धरू. मग एका जीन्ससाठी वेचणारीच्या हातात तीस रुपये पडतात. दर दुप्पट केला तर जीन्स तीस रुपयांनी महागते. शेतकऱ्याला तीन किलोंमागे आणखी शंभर रुपये दिले तरी दोन हजारांच्या जीन्सवर एकूण वाढ दीडशेच्या आत राहते. एवढी वाढ गिऱ्हाइकाला झेपते, हे कुठलाही सेल पाहिला की कळते. अडचण गिऱ्हाइकाच्या खिशात नाही. हा जादा पैसा वाटेत कुणालाही न अडता मागच्या टोकापर्यंत पोचवणारी नळी कुणी बांधलेली नाही, आणि जी धोरणे आहेत ती उलट्या दिशेने चालतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आयात कापसावरचा ११ टक्के कर माफ झाला, तोही देशातला नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर. कापड उद्योगाला अमेरिकेच्या वाढीव करांपासून आधार हवा होता, हे मान्य. त्या आधाराची किंमत पुन्हा पऱ्हाटीवाल्याने मोजली.

बाईची अवस्था तर आणखी बिकट. पेरणी, निंदण, वेचणी तिची, सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, या संस्थेने २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के जणींच्या नावे पतीनंतरही शेतजमीन झालेली नव्हती. जमीन नावावर नसली की पीककर्ज नाही, आणि कापूस हमीभाव केंद्रावर नेण्याची वाटही अवघड होते, कारण नोंदणी सातबाऱ्यावर चालते. मग कापूस खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाला द्यायचा.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीजवळ नांदगाव पेठेत हजार एकरांच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. शेत, धागा, कारखाना, फॅशन आणि परदेश अशी पाच टप्प्यांची कल्पना त्यामागे आहे. वऱ्हाडात सूत आणि कापड पुन्हा मोठ्या प्रमाणावर तयार व्हावे, ही मागणी जुनी आणि न्याय्य आहे. रिव्हेट-कार्नॅकने मोडू पाहिलेली साखळी निदान भूगोलाने तरी जुळेल. पण दारव्हा, दिग्रस, नेरच्या शेतकरी गटांना या उद्यानातल्या सूतगिरणीत भागीदारी मिळणार की ते फक्त कच्चा माल घेऊन फाटकापर्यंत येणार, हे आताच ठरवून घ्यायला हवे. भारतीय कापूस महामंडळ गठाणींवर क्यूआर कोड लावते आहे. गठाणीचा कापूस कुठे खरेदी झाला, कुठल्या कारखान्यात ती दाबली गेली, हे त्यावरून कळते. त्याच कोडमध्ये वेचणीचा दर, फवारणी करणाऱ्याला मिळालेली संरक्षक साधने आणि शेतकऱ्याच्या हाती पडलेला प्रत्यक्ष भाव या तीन नोंदी घालायला वेगळे तंत्रज्ञान लागत नाही. त्या घालण्याची सक्ती महामंडळाने करावी, आणि गठाण उचलणाऱ्या प्रत्येक ब्रँडने त्या आपल्या गिऱ्हाइकाला दाखवाव्यात.